अंकुशच्या नावाची वाईन

गळ्यात माळ असून मी नाशकाला वाईन पिऊन आलो, हे खरं हाय. पण आधी कावळ्याचं ऐका.

आमच्या तिघा दोस्तांतला अंकुश गेला. दहाव्याला केजला नदीवर पिंडाला कावळाच शिवंना. "पोरांच्या शाळंचं आमी बघतो," म्हणलं, कावळा हालला न्हाई. "बायकोला काय कमी पडू देणार न्हाई," म्हणलं, तरी बाभळीवरच. शेवटी आमच्यातला तिसरा, दत्ता, कंटाळून म्हणला, "अंकुश, तुझी ती वाईनची ट्रीप आमी करून येतो." अंकुश मोबाईलवर सारखा नाशकाच्या वाईन-बागांचेच व्हिडिओ बघायचा. कावळ्यानं लगेच झडप घातली. त्याची बायको तिथंच उभी व्हती.

शब्द दिला म्हणून मी अन् दत्ता गेलतो. मावळतीला गाईडनं द्राक्षाची बाग दाखवली. मग ग्लासात घोट-घोट वाईन ओतून म्हणला, "आधी वास घ्या. कशाची आठवण होते?"

दत्ता म्हणला, "दवाखान्याची."

जेवणाला आमी तिसरं ताट लावून घेतलं. "तिसरे सर कधी येणार?" गाईडनं दोनदा विचारलं. आमी खाली बघून जेवलो.

आल्यावर अंकुशच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं चहा दिला अन् विचारलं, "काय व्हतं भाऊजी तिथं?"

"काय न्हाई. द्राक्षं व्हती, सूर्य बुडताना दिसला, जेवण व्हतं."

ती कप उचलत म्हणली, "एवढंच? अन् नदीवर आमचं नाव घेतलं तर हालले बी न्हाईत."