टिकलीच्या वर पाणी

हंबीरराव : आवाज बारीक ठेव, लालासाब. ती सयपाकघरात हाय.

लालासाब : माझा बारीकच हाय. तुझा तालमीपतुर जातोय. टाकी गळतीया असा निरोप आला म्हणून मी दुकानात अर्धी कापलेली काच तशीच टाकून आलो. कुठं गळतीया दाव.

हंबीरराव : गळत न्हाय.

लालासाब : मग?

हंबीरराव : वाढतंय.

लालासाब : काय वाढतंय?

हंबीरराव : पाणी.

लालासाब : हे बघ, माशाची टाकी मी केलीया. काच माझी, सांधा माझा. त्यातनं पाणी एकवेळ बाहेर जाईल. आत कसं येईल?

हंबीरराव : तेच तर. चौतीस वर्सं पाणीखात्यात मीटर वाचलं. पाणी चोरणारं शेकड्यानं धरलं. पण गुपचूप पाणी घालून जाणारा चोर हा पहिलाच. म्हणून म्हणतो, प्रकरण साधं न्हाय.

लालासाब : कशावरनं पण?

हंबीरराव : काचेवर ही लाल टिकली बघ. काल चारला तालमीच्या पोरांचा फुटबॉलचा सराव बघायला गेलतो. जाताना पाण्याच्या बरोबर रेषेत चिकटवली. सहाला परत येतो तर पाणी टिकलीच्या वर. तांदळाएवढंच, पण वर. परवाची हिरवी, तिचीबी तीच गत. त्याआधीची जांभळी, ती बघ, अर्धी बुडालीया.

लालासाब : तरीच म्हटलं, काचेवर हळदीकुंकवाला बायका जमल्यात का काय. टिकल्या कुणाच्या?

हंबीरराव : तिच्याच. डबीतनं घेतल्या. तपासाचं काम, विचारून कसं घेणार?

लालासाब : आणि मासा कुठाय?

हंबीरराव : त्यो काय, मालवणच्या दगडामागं.

लालासाब : चांगला पिवळाधमक दिसतोय की. दगडाला चोच कशी मारतोय, चिमणीगत. महिन्यामागं आलतो तवा कोपऱ्यात तोंड घालून बसलाता. धुऊन धुऊन रंग गेलेल्या पोलक्यावाणी.

हंबीरराव : व्हय. महिन्याभरात सुधारलाय.

लालासाब : मग आणि काय पाहिजे तुला?

हंबीरराव : हितंच तर पाणी मुरतंय. फुलपाखरू मासा म्हंजे लई नाजूक जात. मी सगळं नियमानं करत हुतो, तवा जोडीतला एक मेला आणि हा मरायला टेकला. आता कोण तरी टाकीत लुडबुड करतंय, आणि हा तरतरीत. मीटरमधी कुणी हात घातला की आकडा असाच झ्याक येतोय, लालासाब. मी झ्याक आकड्याला भुलत न्हाय.

लालासाब : बरं. संशय कुणावर?

हंबीरराव : पहिला पिराजी. मेव्हणा माझा, मालवण गाडीवर कंडक्टर हाय. समुद्राचं पाणी दर आठवड्याला कॅनमधनं त्योच आणतोय. आता ते समुद्राचंच का राधानगरीच्या नळाचं, वर मूठभर मीठ टाकून, हे कुणी बघितलंय? मी लेखी जबाब मागितला.

लालासाब : मेव्हण्याचा?

हंबीरराव : तिकिटाच्या मागं लिहून दिला त्यानं. ‘पाणी समुद्राचंच. भरताना पँट भिजली, ती दाखवाय तयार आहे.’ पण चारला त्यो कधी हिथं घरात नसतोय. म्हणून सुटला.

लालासाब : दुसरा कोण?

हंबीरराव : तू.

लालासाब : मी?

हंबीरराव : टाकी तू बांधलीस. हात कुठनं घालायचा हे तुला ठाऊक.

लालासाब : वरनं. सगळ्याच टाक्यांत वरनं घालत्यात.

हंबीरराव : पण दुपारी जेवून गेलास की सांजच्यापतुर तू दुकान सोडत न्हाईस. तुझ्या शेजारच्या गुंडूकडं चौकशी केलीया. सुटलास.

लालासाब : मेहेरबानी. मग राहिलं कोण?

हंबीरराव : म्हणून तर आवाज बारीक ठेव म्हणालो.

लालासाब : वैनी? काय तरी बोलू नगंस.

हंबीरराव : टाकी हाय तिथं तिच्या लोणच्याच्या बरण्या हुत्या. मी त्या जिन्याखाली हलवल्या. म्हंजे कारण हाय. वर मी ताकीद दिलीती, चटणीचा हात टाकीला लावायचा न्हाय. तवापासनं ती गप हाय. तीस वर्सांत ती गप म्हणून कधी नव्हती. म्हंजे लक्षणबी हाय.

लालासाब : मग काय करणार हाईस?

हंबीरराव : मासा परत धाडणार. आज चारच्या मालवण गाडीनं. पिराजीला सांगून ठेवलंय. त्यो बघ, उंबऱ्याजवळ कॅन तयार हाय.

लालासाब : फोंडा घाटातनं? कॅन दिवेलागणीपतुर हिंदळत जाणार. अरे, आणतानाच किती गेलतं?

हंबीरराव : पाच निघालं, दोन पोचलं.

लालासाब : मग हे धाडणं न्हवं गड्या, मारणं झालं.

हंबीरराव : मला कळत न्हाय व्हय? लाईट गेली की सायकलच्या पंपानं टाकीत हवा मारत बसणारा मी. सुकट वाटून घालणारा मी. नोकरी सुटल्यापासनं, मी दिसलो की पुढं येणारं ह्या घरात हे एकच हाय. कुणाच्या तरी हातनं हिथं मरण्यापरीस समुद्राच्या वाटंवर मेलेला बरा.

(बनाबाई चहाच्या कपबश्या घेऊन येतात.)

बनाबाई : लालासाबभाऊ, चहा घ्या. आणि आवाज बारीक करून घसा धरवून घेऊ नका. आत सगळं ऐकू येतंय.

लालासाब : वैनी, आमी आपलं गळती बघत हुतो.

बनाबाई : बघा की. आणि माझ्या टिकल्या काचंवर कशाला गेल्यात, तेबी बघा.

हंबीरराव : कामासाठी घेतल्या.

बनाबाई : पंधरा दिस डबीतनं रोज एक टिकली जातीया. कधी लाल, कधी जांभळी. आणि माणूस चारच्या ठोक्याला केस विंचरून भाईर. मी काय समजायचं?

लालासाब : काय समजलासा?

बनाबाई : काय बी समजलो न्हाय. शेजारच्या बयाबाईला मागं धाडलो. म्हणालो, सराव बघत्यात का बघ, आणि बाकड्यावर शेजारी कोण बसलंय तेबी बघ.

हंबीरराव : माझ्यावर पाळत?

बनाबाई : तुमी काचंवर ठेवलीसा, मी माणसावर ठेवलो.

लालासाब : शेजारी कोण हुतं?

बनाबाई : तालमीचं वस्ताद. त्यांच्या कपाळाला टिकली नव्हती म्हणाली.

हंबीरराव : विषय निघालाच हाय तर सरळ विचारतो. टाकीत पाणी कोण घालतंय?

बनाबाई : मी.

हंबीरराव : लालासाब, ऐकलंस. तू साक्षीदार.

बनाबाई : महिना झाला. रोज एक तांब्या काढतो, दीड तांब्या घालतो.

हंबीरराव : काढलेलं कुठं जातंय?

बनाबाई : मोरीत. तुमच्या आमटीत न्हाय, भिऊ नका.

हंबीरराव : आणि घालतीस ते कसलं?

बनाबाई : नळाचं.

हंबीरराव : नळाचं. गोडं. त्यात जंतू मारायची टीसीएल पावडर असतीया, मी स्वतः उभा राहून टाकलीया.

बनाबाई : व्हय, वास येतोय की. म्हणून पातेल्यात दोन दिस उन्हात ठेवून मग घालतो.

हंबीरराव : समुद्राच्या माशाला गोडं पाणी म्हंजे इख. टाकीतलं कमी झालं की मी समुद्राचंच घालत हुतो. त्यासाठनं तर तुझा भाऊ एवढ्या लांबनं कॅन आणतोय. आता तीन रविवार झालं, कॅन उघडायची वेळच आली न्हाय. तवाच मला वास आला.

बनाबाई : एक सांगा. आमटी चुलीवर आटली तर त्यात काय घालत्यात?

हंबीरराव : मला काय ठाऊक. तू घालतीस.

बनाबाई : मी काय घालतो?

हंबीरराव : पाणी.

बनाबाई : आणखी आमटी का घालत न्हाय?

लालासाब : खारट हुईल की वैनी.

बनाबाई : भाऊंना कळलं.

हंबीरराव : थांब, थांब. टाकीचा आणि आमटीचा काय संबंध?

बनाबाई : ह्या टाकीतलं पाणी दोन दोन बोटं उडून जातंय. मीठ उडतंय काय? न्हाय. ते आतच ऱ्हातंय. काठाला पांढरं फुटतंय ते मीच फडक्यानं पुसतो. आणि तुमी दर रविवारी वरनं आणखी खारं ओतत हुतासा. आठ महिनं. त्या बिचाऱ्यांनी आटलेल्या आमटीत दिस काढलं.

लालासाब : हंबीरराव, पाणीखात्यात हे शिकवत न्हाईत काय?

हंबीरराव : आमच्याकडं गोडं पाणी हुतं. पण तुला कसं कळलं गं?

बनाबाई : चाखून.

हंबीरराव : टाकीतलं चाखलंस?

बनाबाई : पहिला मासा मेला त्या दिवशी. लोणचं, पापडाचं पीठ, सांडगं, माझं सगळं जिभंवर चालतंय. आधी पिराजीच्या कॅनमधलं चाखलो, मग टाकीतलं. टाकीतलं जिभंला चावलं. तरी चार महिनं गप बसलो. चटणीचा हात लावायचा न्हाय म्हणालासा न्हवं? मग महिन्यामागं ह्यो दुसराबी कोपऱ्यात जाऊन बसला. मला बघवंना. हात धुतलो आणि घातलो. एकदम न्हाय, थोडं थोडं, कॅनवाणी चव लागंपतुर.

हंबीरराव : हे खरं कशावरनं?

बनाबाई : कॅन तिथं, टाकी हिथं. बोट तुमच्या हाताला हाय.

हंबीरराव : लालासाब, तू चाख. तुझं इंचाचं माप कधी चुकत न्हाय.

लालासाब : मी? बरं, आण. हे कॅनमधलं. तोबा. आणि हे टाकीतलं. तोबा. दोन्हीकडं एकच तोबा हाय, हंबीरराव. तसूभरबी फरक न्हाय.

हंबीरराव : मग मला सांगायचं हुतंस.

बनाबाई : मिठाचं? तुमाला? तीस वर्सं ताटावर बसलं की पहिला हात मिठाच्या सटात. चाखणं न्हाय, इचारणं न्हाय. आमटीवर मीठ, भाजीवर मीठ. नागपंचमीला खिरीत घातलासा.

लालासाब : खिरीत?

हंबीरराव : बोलण्याच्या नादात.

लालासाब : वैनी, चहा झाला. मी उठतो. घरात हुसेनबी माझ्यासाठनं जेवायची खोळंबली असंल.

हंबीरराव : जाता जाता स्टँडवर पिराजीला निरोप देशील? कॅन येत न्हाय म्हणावं.

बनाबाई : नुसता निरोप? माझ्या भावाकडनं लेखी घेतलंसा.

हंबीरराव : मग?

बनाबाई : मग लेखीच द्या. ह्यो कागद.

हंबीरराव : काय लिहू?

लालासाब : लिही, ‘पाणी समुद्राचंच. माझी खात्री पटली.’ सही कर. तारीख घाल. आण हिकडं, देतो मी. आणि पुढल्या टायमाला टाकी गळतीया असा निरोप धाडलास तर खरंच गळेस्तोवर मी येणार न्हाय.

बनाबाई : या भाऊ. ताट वाढलंय, अवो. हात धुवून बसा.

हंबीरराव : ह्या टिकल्या काढू काय काचेवरच्या?

बनाबाई : लाल तेवढी राहू दे. कुठवर भरायचं ते मला बरं पडतंय.

हंबीरराव : आमटी कसली?

बनाबाई : तुरीची. मिठाचा सट तुमच्या डाव्या हाताला ठेवलाय.

हंबीरराव : राहू दे. आधी चाखतो.