शाळेच्या डिशमधील मासळीबाबत

नाव देओ सेक्यांझी, वय ३४, धंदा डिश दुरुस्ती, राहणार बुगाला बेट.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगतो की, धक्क्याजवळील प्राथमिक शाळेची इंटरनेटची डिश माझ्या देखभालीत आहे. 'कोणी अज्ञात इसम डिशशी छेडछाड करतो' अशी तक्रार हेडमास्तर मुवोंगे यांनी गुरुवारी दिली आहे. त्याबाबत मला विचारले.

सोमवारपासून रोज दहा ते पाच सिग्नल पडत होता. येणारा थोडाफार मिळे, जाणारा मुळीच जात नसे. मी तीन दिवस सकाळी सातला येऊन केबल बदलली, जोड पुसले, सिग्नल पकडणारे वरचे डोके नवे बसवले. सातला सिग्नल ठणठणीत. माझी पंधरा वर्षांची अक्कल मातीत गेली. मास्तर रोज म्हणत, "सकाळीच या हो, दुपारी ऊन लागतं." परीक्षा मंडळ नावे दहा ते पाचच घेई, आणि शुक्रवारी पाचच्या आत सातवीच्या एक्केचाळीस मुलांची नावे परीक्षेसाठी पाठवायची होती, नाहीतर त्यांचे वर्ष बुडत होते.

शुक्रवारी सव्वातीनला मी न सांगता शिडी लावली. आमचे बेट विषुववृत्ताजवळ, उपग्रह डोक्यावरच, म्हणून डिश परातीसारखी आकाशाकडे तोंड करून असते. तीत बोटभर लांबीची मुकेने मासळी पसरलेली होती, अजून ओलसर. खाली शाळेशेजारी राहणाऱ्या नाकिबूकाबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "चढलाच आहेस तर उलटव जरा. वाळूत वाळवली की गिऱ्हाईक नाक मुरडतं."

मी काढायला सांगितले. त्या म्हणाल्या, "आधी माझ्या जावयानं तोंडानं सांगावं, मग काढते."

जावई म्हणजे मास्तर. सासूच्या जवळ जायचे नाही, नजर भिडवायची नाही, ही आमची रीत साहेबांना ठाऊक आहे. मास्तर त्यात जास्तच कडक, शब्दही काढत नाहीत. अज्ञात इसम कोण, आणि मास्तर मला सकाळीच का बोलावत, ते तेव्हा कळले, आणि रागही आला.

मी जाऊन मास्तरांना हे सांगितले. ते तासभर घुटमळले, मग साडेचारला फणसाच्या झाडाआड पाठ फिरवून उभे राहिले व डिशला ओरडले, "अगं डिशबाई, पोरांचं वर्ष जातंय! पोटातलं काढ की!"

बाईही डिशलाच म्हणाल्या, "ऐक गं बाई, मुक्याला वाचा फुटली."

मग त्यांनी भराभर मासळी काढली. चार छप्पन्नला एक्केचाळिसावे नाव गेले. मास्तर झाडाआडच डोळे पुसत होते.

मास्तर तक्रार मागे घेणार आहेत. बाईंचा निरोप आहे, "मागे घेऊ देऊ नका. 'अज्ञात' खोडून माझं नाव घाला. ही तक्रार म्हणजे सतरा वर्षांत जावयानं माझ्याविषयी काढलेला पहिला शब्द आहे, तो दुसऱ्याच्या नावावर नको जायला."

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, सांगितला तसाच उतरला आहे.