तिचं नाव घेतलं तेव्हा

आदरणीय अध्यक्ष मथुराबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप देतोय त्या आमच्या ऋतुजाताई आणि वारज्याच्या या समुपदेशन केंद्रावर माया करणाऱ्या सर्वांनो,

मी रणजित, ताईंचा सहकारी समुपदेशक. भाषण आटोपतं घ्या, असं बजावलंय. पुण्यात याला आग्रहाचं निमंत्रण म्हणतात!

जवळचं माणूस गमावलेल्यांसाठी ताई चालवत त्या आमच्या शोकगटात लोणी काळभोरचे सर्जेराव यायचे. तापानं त्यांची कॉलेजातली लेक गेली होती. यायचे, गप्प बसायचे, जायचे. एका गुरुवारी मात्र ते उसळले. "तुमी नुसतं रडता अन् घरला जाता. त्यानं माझी पोरगी माघारी येतीय व्हय?"

दोघंतिघं दुखावले. एकजण उठूनच निघाला. आता गट फुटणार, असं मला वाटलं. ताईंनी काय करावं? उपदेश? समजूत? त्या एवढंच म्हणाल्या, "सर्जेराव, हे सगळं तुम्हाला व्यर्थ वाटतंय. आणि रागही आलाय."

"आलाय."

निघालेला माणूस दारातच थांबला. शांतता मोडायला मी तोंड उघडणार, तर ताईंनी हलकेच मान हलवून मला थांबवलं. तेवढ्यात चंद्रभागाबाईंनी विचारलं, "लेकीचं नाव काय हो?" नवरा गेल्यावर गटात आलेल्या या बाई क्वचितच बोलत.

सर्जेराव जमिनीकडे बघत म्हणाले, "प्राजक्ता."

"काय आवडायचं तिला?"

"कैरी. बिनमिठाची." आणि ते हसले. हसता हसता रडले. दारातला माणूस परत येऊन त्यांच्या शेजारी बसला.

मग सर्जेराव म्हणाले, "घरी बायकोसमोर, आनंदीसमोर मी हे नाव घेत न्हाई. तिला आणू का हितं?"

ताईंनी गटाकडे पाहिलं. "तुम्हा सर्वांना काय वाटतं?"

पुढच्या गुरुवारी आनंदीबाई आल्या. खुर्चीत टेकल्या आणि नवऱ्याआधी त्याच म्हणाल्या, "माझी प्राजू." सर्जेरावांनी त्यांचा हात धरला. वर्षभर त्या घरात एकमेकांसमोर कोणी रडलं नव्हतं.

माणसं आपली आपणच एकमेकांना सावरतील, इतका भरवसा त्यांच्यावर ठेवता येतो? मी पुस्तकांत वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. अजूनही येतो.

ताई, तुमचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. सर्जेराव-आनंदीबाई, हे सांगायची परवानगी दिलीत, तुमचा ऋणी आहे. श्रोतेहो, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर उदार मनानं पोटात घाला. नमस्कार.