आंघोळीच्या आधीचा तास

अध्यक्ष महाराज, शांताबाईंचे बंधू शमुवेलराव, आणि कोल्हारच्या मंडळींनो,

शाळेच्या पटांगणात आज पाय ठेवायला जागा नाही. मागे लिंबाखाली बाया उभ्या आहेत. त्यांना माझं बोलणं ऐकू आलं नाही तर त्यांनी हात वर करावा. मी मोठ्याने बोलेन. जमेल तेवढ्या मोठ्याने.

मी नगरच्या एका साप्ताहिकात लिहिणारा माणूस. कोणी गेलं की चार ओळी लिहायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. मला त्याला अर्धा तास पुरतो. गेल्या गुरुवारी शांताबाई साळवे गेल्या. दोन दिवसांचा ताप काय, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्या नव्हत्याच. त्यांच्याविषयी लिहायला मी तीन दिवस बसलो आणि मजकूर काही झाला नाही. म्हणून इथे आलो. लिहिता आलं नाही ते बोलून बघतो.

शांताबाई नर्स होत्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. मिशनच्या दवाखान्यात शिकल्या, तिथेच बरीच वर्षं काम केलं, आणि मग गावी परत आल्या. नदीपलीकडच्या वस्तीतून रोज चालत यायच्या. बाळंतपणाला सुईण असते, तापाला वैद्य असतो. पण जे म्हातारं माणूस बरं होणार नाही आणि मरतही नाही, त्याच्याकडे कोण बघतं? शांताबाई बघायच्या. त्यांनी तेच काम आपलं मानलं.

मी फक्त माझ्या घरचं सांगतो. माझे वडील, अण्णा. या गावचे जोशी. तिथी, मुहूर्त, पत्रिका, सगळं गाव त्यांच्याकडे यायचं. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. प्रवरेच्या घाटावर आंघोळ करून वर येताना अण्णा पायरीवरून घसरले. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. वय सत्तरीच्या पुढचं. नगरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाड जुळायचं नाही. पण त्यांचा जीव पायाने जाणार नाही, पाठीने जाईल. पडून पडून पाठ फुटेल. तिकडे बघा."

तीन आठवड्यांत पाठ फुटली. कमरेखाली रुपयाएवढी जखम झाली, मग तळहाताएवढी. घरात माझी पत्नी सरस्वती एकटी. अण्णा अंगाने भारी. मी नगरला, आठवड्यातून एकदा यायचो. आणि अण्णांचं सोवळं तुम्हाला ठाऊक आहे. मी सर्व्हिस मोटारीतून उतरलेला, हॉटेलात चहा प्यालेला, म्हणून मला स्वतःच्या बापाच्या खाटेला हात लावायची मुभा नव्हती.

डॉक्टर म्हणाले, शांताबाईंना बोलवा. आणि तिथे मी चूक केली. शिकल्यासवरल्या माणसाची चूक. मी अण्णांना सांगितलं, "पुण्याहून शिकून आलेल्या एक नर्सबाई येणार आहेत. आपल्यातल्याच आहेत." शांताबाईंना यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, नाव शांता आहे, नेसणं नऊवारी आहे, म्हाताऱ्याला काय कळणार?

पण जोशाला दुसरं काय सुचतं? शांताबाई खाटेजवळ गेल्या, तोच अण्णांनी विचारलं, "बाई, आडनाव काय? गोत्र कोणतं?"

मी म्हणणारच होतो, कुलकर्णी. शब्द ओठावर होता. शांताबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्या अण्णांना म्हणाल्या, "साळवे, जोशीबुवा. आमी किरिस्ताव हाये. तुमाला घरच्यांनी सांगितलं न्हाई वाटतं."

अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. शांताबाईंनीही त्यांना हात लावला नाही. बाहेर ओट्यावर आल्या. मी मागोमाग गेलो आणि म्हणालो, "अहो, गप्प राहिला असता तर निभावलं असतं. इथे जिवाशी गाठ आहे."

त्या म्हणाल्या, "दादा, त्यांचे पाय गेले. आता फसवून त्यांचं कळणं बी काढून घेताय व्हय?"

मंडळी, मी आयुष्यात पुष्कळ संपादकांची बोलणी खाल्ली आहेत. इतकं थोडक्यात मला कोणी सुनावलं नव्हतं.

मला वाटलं, संपलं. बाई काही परत येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्यावर हजर. आत आल्या नाहीत. ओट्यावरच बसल्या आणि दारातून सरस्वतीला सांगू लागल्या. "वैनी, धोतराची दुहेरी घडी त्यांच्या अंगाखाली सरकवा. आता कडेनं धरा आन् तुमच्याकडं वढा. त्यांना उचलायचं न्हाई, धोतर वढायचं. मानूस आपसूक कुशीवर हुतं." सरस्वतीने ओढलं. अण्णा कुशीवर झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या पाठीला वारा लागला.

दोन दिवस हे असंच चाललं. मी रजा काढून घरी बसलो होतो, सगळं बघत होतो. जखमेची गोष्ट त्या फारशी काढत नसत. विचारायच्या ते भलतंच. जोशीबुवा उठतात किती वाजता? आंघोळ कधी? संध्या कधी? आंघोळीआधी काय काय करतात? जेवताना कुठल्या अंगाने वळतात? मला वाटलं, बाई वेळ काढतायत. आत अण्णा सगळं ऐकत होते.

मी शांताबाईंना म्हणालो, "आजारी माणसाला सोवळ्यात सूट असते. हे अण्णांनीच किती जणांना सांगितलंय. मग स्वतःला का नाही घेत?"

त्या म्हणाल्या, "सूट घेतली म्हंजी आपून संपलो, असं त्यांना वाटतंय. त्यांना सूट नकोय, दादा. त्यांना त्यांचा नेम पायजे."

तुम्हीच सांगा, हे कुठल्या पुस्तकात शिकवतात? चाळीस वर्षं मी त्यांचा मुलगा होतो. मला हे दिसलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सरस्वतीला विचारलं, पण आवाज आतपर्यंत जाईल असा. "वैनी, रात्रभर झोपलेलं मानूस सकाळी उठतं, ते आंघोळ करीस्तवर ओवळंच असतं ना?"

"हो," सरस्वती म्हणाली.

"मंग मला आंघोळीच्या आदीचा तास द्या. माजं काम त्या तासात. जखम धुवायची, साफ करायची, वळवायचं, सगळं. मी गेले की तुमी त्यांना अंग पुसून आंघोळ घाला. पुढं दिवसभर मी दाराच्या आत यायची न्हाई."

मग अण्णा म्हणाले, "सूनबाई, तिला विचार, जखमेवरची पट्टी कोण बांधणार? ती दिवसभर अंगावर राहणार."

शांताबाई म्हणाल्या, "पट्टी वैनी बांधतील. आंघोळ झाल्यावर. मी शिकवते."

मग अण्णा म्हणाले, "तिला म्हणावं, माझी आंघोळ उजाडताना असते. उशीर चालणार नाही."

असे ते तयार झाले. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी शांताबाई नदी ओलांडून दारात उभ्या. त्या दिवसापासून त्यांना एकदाही उशीर झाला नाही. पावसाळ्यात नदीला पाणी चढलं की अलीकडे ओळखीच्या घरी मुक्कामाला यायच्या, पण तास चुकवायच्या नाहीत. लढाईमुळे कापूस मिळत नव्हता, पट्ट्या मिळत नव्हत्या. जुनी धोतरं फाडून, उकळून, उन्हात वाळवून पट्ट्या केल्या. जखम मिठाच्या उकळलेल्या पाण्याने धुवायच्या. बोलता बोलता धुवायच्या. चार महिन्यांत जखम भरली. डॉक्टर बघायला आले तेव्हा पाठ बघून त्यांनी चष्मा पुसला आणि परत बघितलं.

पण शांताबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, खाट माजघरातून खिडकीपाशी आणा. खिडकी रस्त्याला. झालं. लोक येताजाता विचारू लागले, अण्णा, अमावस्या कधी? वास्तूला दिवस बघा. अण्णा तक्क्याला टेकून पंचांग उघडू लागले. दिवसाला दहा माणसं येऊ लागली. जेवण वाढलं. चिडणं वाढलं, म्हणजे प्रकृती सुधारली. एकदा सकाळी शांताबाईंना म्हणाले, "बाई, तुमच्यात लग्नाला मुहूर्त बघत नाहीत का?"

"बघतो की, जोशीबुवा. पाद्रीसायबांना सवड आसंल तो मुहूर्त."

अण्णा इतके हसले की सरस्वती धावत आली. तिला वाटलं, ठसका लागला.

आता मी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. अण्णांचं सोवळं बरोबर होतं, असं मी म्हणत नाही. मला ते तेव्हा पटत नव्हतं, आजही पटत नाही. त्याचा चटका कोणाला बसत होता? रोज पहाटे चालत येणाऱ्या त्या बाईंना. मी एकदा त्यांना विचारलं, "शांताबाई, तुमच्या मागे घर शिंपडतात, खाट पुसतात. तुम्हाला काही वाटत नाही?"

त्या म्हणाल्या, "वाटतं की. न वाटायला मी काय दगड हाय? पर ते मी घरी जाऊन वाटून घेते. इथं माजं काम पाठीचं हाय."

मंडळी, शेवटचं सांगतो आणि बसतो.

परवापासून गावात एक गोष्ट ऐकू येते आहे. चांगल्या मनानेच सांगतात. शेवटच्या दिवशी अण्णांनी सोवळं सोडलं आणि शांताबाईंच्या हातचं पाणी घेतलं, अशी ती गोष्ट. ती छापा, असंही दोघांनी मला सुचवलं. मी छापणार नाही. कारण तसं झालं नाही, आणि बाईंबद्दल मी एकदा खोटं बोललेलो आहे. पुन्हा बोलणार नाही.

झालं ते असं. पाठ भरल्यावर अण्णा दोन वर्षं जगले, आणि शांताबाईंचा पहाटेचा तास तेव्हाही चालूच राहिला. मग सर्दीचं निमित्त झालं आणि छाती भरली. आदल्या दिवशी वाचा गेली. मी नगरहून निघालो, उजाडायच्या आत, शांताबाईंच्या तासालाच, घरी पोहोचलो आणि प्रवासाच्या कपड्यांत दाराशीच थबकलो. सरस्वती परसात होती. खाटेपाशी एकट्या शांताबाई. अण्णांचे डोळे मिटलेले. ओठ कोरडे, आणि ते हलत होते. पाण्याचं भांडं आणि पळी शांताबाईंच्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

त्यांनी हात पुढे केला असता तर अण्णांना कळलंही नसतं. मी काही बोललो नसतो. मला तर वाटलं, त्या पळी उचलणार. दोन वर्षं ज्याची पाठ धुतली, त्याला एक पळी पाणी. कोणी नावं ठेवली असती?

शांताबाईंनी परसाकडे तोंड करून हाक मारली. "वैनी, जोशीबुवांना पाणी पायजे. लवकर या." आणि सरस्वतीला जागा व्हावी म्हणून दोन पावलं मागे सरल्या.

अण्णांना आपला नेम सांभाळायची शुद्ध राहिली नव्हती. त्या दिवशी तो शांताबाईंनी सांभाळला. त्यांना न पटणारा, त्यांनाच दूर ठेवणारा नेम. पण तो त्या माणसाचा होता, म्हणून.

दुपारी अण्णांना शेवटची आंघोळ घातली. मी त्यांना कुशीवर केलं. पाठ स्वच्छ होती. एक ओरखडा नाही. मी त्या पाठीवर हात ठेवला तेव्हा शांताबाई बाहेर रस्त्यावर, बाकीच्या लोकांत उभ्या होत्या.

आता आपण सगळे उठून उभे राहू. शमुवेलराव, तुमच्या लोकांना प्रार्थना म्हणायची असेल तर म्हणा. ज्यांच्यात हात जोडतात त्यांनी जोडावेत. ज्यांच्यात हात पसरून दुवा मागतात त्यांनी मागावी. ज्याने त्याने आपल्या रीतीने, पण थोडा वेळ सगळ्यांनी एकत्र, काही न बोलता.