अण्णा प्रभूच्या मेजाकडं का गेला नाही

मंडळींनो, थोरामोठ्यांनो, सगळ्यांना सलाम.

पाळकसाहेब म्हणाले, सुवार्ता, घरच्यांच्या वतीनं तू बोल. मी व्हय म्हटलं, आणि आता हितं उभी हाय. ज्याच्या खांद्यावर चढून मी शेजारच्यांचे पेरू तोडले, त्या भावाला 'होता' म्हणायचं? जिभेवर येत न्हाय हो.

शमुवेल अण्णा गेला. माझा थोरला भाऊ गेला. मच्छे गावातल्या कारखान्यात लोखंड ओतण्यात त्याची उमर गेली, आणि सुट्टीचा दिवस ह्या देवळाची कौलं शाकारण्यात. हे सगळं तुम्ही आत्ता सांगितलंत. चांगलं सांगितलंत. आता मी जे सांगणार हाय, त्याचा कुणाला राग आला तर येऊ दे. मी निपाणीला दिलेली बाई, उद्या बसमध्ये बसून जाणार.

गेलं वर्षभर अण्णा प्रभुभोजनाला, मेजाकडं भाकर घ्याय, उठला न्हाय. मान खाली घालून बाकावर बसून राहायचा. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. आणि तुम्ही काय समजला? उपासना मराठीत करायची का कन्नडमध्ये, ह्यावरनं भांडण चाललेलं. पाळकसाहेब भाकर देताना कन्नडमध्ये बोलाय लागले म्हणून अण्णा बसून राहतोय, असं तुम्ही समजला. मग काय! पुढच्या वेळी त्याच्या बाकावरचे बसून राहिले. मग मागचा बाक. मग आख्खी डावी बाजू, आपली मराठीवाल्यांची. अण्णा बसला तर आपण कसं उठायचं! अहो, त्याला कुणी इचारलं? एकानं तरी इचारलं?

मी इचारलं. नाताळला माहेरी आलते. करंज्या तळता तळता म्हटलं, "अण्णा, प्रभूच्या भाकरीवर कसला राग?"

अण्णा म्हणाला, "राग न्हाय गं. मला त्वांड न्हाय."

मग सांगाय लागला. देवळाच्या बैठकीत भांडण पेटलं तेव्हा तो येसप्पाला बोलून गेलता, "तुम्ही काल आलेली माणसं, आम्हाला शिकवू नका." येसप्पा अण्णांना तुम्ही सगळे ओळखता. कन्नड बोलणारे, गोकाककडनं आले, अण्णाच्याच कारखान्यात लागले, दोघं एका डब्यात जेवले. आणि माझी वहिनी गेली तेव्हा तिच्या पेटीला पहिला खांदा कुणी दिला? येसप्पा अण्णांनी. त्या माणसाला माझा भाऊ कालचा म्हणाला. येसप्पा अण्णा उठून गेले.

अण्णा मला म्हणाला, "सुवार्ता, मेज कुणाचं गं? आपलं व्हय? जेवाय बोलावणारा तो. आपण सगळी पाव्हणी. एका पाव्हण्यानं दुसऱ्याला कालचा म्हणायचं, आणि तसंच जेवाय बसायचं? आपण देवाला काय देणार? गाणी म्हणणार, फुलं ठेवणार. त्याला काय कमी हाय? त्यानं आपल्याला माफ केलंय, फुकट केलंय. आता त्याला आपल्याकडनं एवढंच पाहिजे, की ज्याला दुखावलं त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. तेवढंच माझ्याच्यानं हुईना. झालं की उठीन मेजाकडं."

मी म्हटलं, "मग जा की!"

गेलता. येसप्पा अण्णांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलता, त्यानंच सांगितलं. तिथं आपल्यातलाच एकजण भेटला. नाव घेत न्हाय. "काय अण्णा, हिकडं कुठं?" आणि माझा भाऊ, तापलेल्या लोखंडापुढं उभा राहणारा माझा भाऊ, म्हणाला, "दूध घ्याय आलतो." आणि माघारी फिरला. तो कुणाला भ्याला? येसप्पाला न्हाय. आपल्याला भ्याला. अण्णा फुटला, असं आपण म्हणू, ह्याला भ्याला.

आजारी पडला तेव्हा दवाखान्यात त्यानं मला सांगितलं, येसप्पाला बोलव. मी निरोप धाडला. येसप्पा अण्णा कामावरनं तसेच धावत आले. पण तोवर अण्णाच्या तोंडावर मास्क चढलेला, डोळे मिटलेले. येसप्पा अण्णा उशाशी उभे राहिले, म्हणाले, "शमुवेल, ना बंदीनी. मी आलोय रं." लई वेळ उभे होते. अण्णानं ओळखलं का? मला सांगता येणार न्हाय. ओळखलं असं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटंल, मलाही वाटंल. पण मी देवाच्या घरात उभी हाय, खोटं बोलणार न्हाय.

माझा भाऊ भाकर न खाता गेला. हे मला लई लागलंय. त्याच्या मागं पंचपक्वान्नं केली तरी हे भरून यायचं न्हाय.

येत्या रविवारी प्रभुभोजन हाय. कुणी उठावं, कुणी बसावं, हे सांगणारी मी कोण? पण बसणार असाल तर अण्णाचं नाव घेऊन बसू नका. तो भाषेसाठी बसला न्हवता. तो लाजून बसलता. आपल्यातल्या कुणाला तशी लाज वाटती का, हे ज्यानं त्यानं आपल्या घरी जाऊन बघावं. डावीकडच्यांनी बघावं, उजवीकडच्यांनीही बघावं.

अण्णा, तुला माझा शेवटचा सलाम. तू प्रभूपाशी गेलास. तिथं तरी जेव बाबा.

मंडळींनो, आता उभं राहूया. शांत राहूया. शेवटची प्रार्थना येसप्पा अण्णांनी करावी, कन्नडमधनं करावी, असं मी सकाळी त्यांच्या दारात जाऊन मागून आलेय. ते व्हय म्हणाले न्हाईत. पण आलेत. मागं दाराजवळ उभे हाईत. त्यांना वेळ लागंल. लागू दे.

तोवर कुणी बसायचं न्हाय.