रिंगची उंची

मंजिरी : सर, तुमच्या वह्यांतला हा शेवटचा रकाना कशाचा आहे? रोज एकच आकडा. तीनशे पाच, तीनशे पाच.

नरहरी : बास्केटबॉलच्या रिंगची उंची, सेंटिमीटरमध्ये. सरावाआधी मी रोज मोजत असे.

मंजिरी : लोखंडी खांबावरची रिंग रोज बदलते काय?

नरहरी : बदलत नाही, असे गृहीत धरू नये.

शारदा : चहा घे गं. मले बघायला आले तेव्हा हे आमच्या दाराची चौकट बघून बाबांना म्हणाले, ओळंब्यात नाही, तिरकी आहे! पॉलिटेक्निकचा पोट्टा, दुसरं काय बोलणार?

मंजिरी : काकू, मी नकार सांगायला आले. सर रिटायर झाले, कॉलेज मले कोच नेमून राहिलं. पण अभनपूरच्या शाळेतली माझी पीटीची नोकरीच बरी. उद्या तसं लिहून देते.

नरहरी : कारण?

मंजिरी : बिलासपूरची फायनल. आपण एका गुणानं मागे, वेळ संपलेली, मले दोन फ्री थ्रो. दोन्ही रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत. ऐन वेळी जिचे हात कापतात, ती पोट्ट्यांना काय शिकवणार? शाळेतही कबड्डीच घेते मी.

नरहरी : हात कापले, हे कोणी ठरवले?

मंजिरी : सगळ्यांनी. अन् तुम्ही कधी नाही म्हटलं नाही.

शारदा : ऐकलंत?

मंजिरी : पण सर, हा रकाना त्या फायनलनंतरच सुरू होतो. आधीच्या एकाही वहीत नाही. काहून?

शारदा : सांगा आता. बारा वर्षं झाली.

नरहरी : त्या वर्षी आपल्या कोर्टवर सिमेंटचा नवा थर टाकला. दोन इंचांचा. जमीन वर आली, रिंग होती तेथेच राहिली. मी मोजली नाही. आठ महिने तुम्ही ठेंगण्या रिंगवर सराव केलात, आणि फायनलपूर्वीचे सर्व सामनेही आपल्याच कोर्टवर झाले. परत आल्यावर फीत लावली. तीनशे.

मंजिरी : म्हणजे माझे थ्रो...

नरहरी : आखूड पडले. सर्वांचेच पडले. फायनलचे पान उघड. चुकलेल्या बत्तीस फेकींपैकी सव्वीस पुढच्या कडेवर आहेत. तुझा हात शिकवल्याप्रमाणेच चालला. माप माझे चुकले होते.

मंजिरी : बारा वर्षं, सर! एक शब्द नाही?

नरहरी : रिंग दुसऱ्याच दिवशी वर करून घेतली, ती गुपचूप. कळले तर नोकरी जाईल, अशी भीती होती. पुढे भीती गेली. तेव्हा लाज वाटू लागली.

शारदा : रागाव बेटा. मी तर आठवडाभर बोलले नव्हते यांच्याशी.

मंजिरी : हे पद मले मिळावं म्हणून तुम्हीच सांगितलं ना कॉलेजला?

नरहरी : होय. दया म्हणून नव्हे. त्या संघात चेंडू सुटताना मनगट सरळ ठेवणारी तू एकटीच होतीस. तेही त्याच पानावर लिहिलेले आहे.

(मंजिरी पान वाचते. चहावर साय धरते.)

मंजिरी : राग गेला नाही माझा.

नरहरी : जाऊ नये.

मंजिरी : फीत कुठं आहे?

नरहरी : वह्यांच्या पिशवीत, तळाशी.

मंजिरी : उद्या सकाळी साडेपाचला कोर्टवर या. खालचं टोक तुम्ही धरा. आकडा मी वाचीन.