गिरणाकाठचा कंदील

(भडगाव, सन १९४४. माघ शुद्ध दशमीची दुपार. जीवरामबुवा हरिदास मागच्या शुद्ध एकादशीला कीर्तनात उभे असतानाच गेले. त्यांच्या घराच्या ओसरीवर त्यांच्या पत्नी शेवंताबाई, कीर्तनात मागे झांजा धरणारे शेतकरी हिलाल आणि कापडाचे व्यापारी लखीचंद शेट.)

लखीचंद : नाही हिलालभाऊ, यानात प्राणवायू दीड वर्षाचाच होता. यशोधर शनीवरून निघाला बेचाळीसच्या आषाढात. म्हणजे या पौषात त्याची कोठी रिकामी. पुढे तो श्वास कसला घेणार?

हिलाल : यानमा तुळस शे ना शेटजी. काचना भांडामा. एक मानूसले तिना वारा पुरस.

लखीचंद : एका तुळशीवर माणूस जगतो?

हिलाल : मना बाप जगना. आख्खा चातुर्मास.

लखीचंद : आणि दुधाचा तांब्या कोण रिकामा करायचं? देखो, मी लहानपणी तुमच्या घरी येत होतो.

शेवंताबाई : तुम्ही दोघं यांच्यासमोरही असंच भांडायचात. हे म्हणायचे, यशोधर शनीवरून सुखरूप येईल, पण या दोघांच्या मधून वाट काढताना त्याचं काही खरं नाही.

लखीचंद : सोळा वर्षं, वहिनी. पुण्याहून मासिक आधी माझ्या नावावर यायचं, पण मी कधी वेष्टन फोडलं नाही. तसंच बुवांच्या हातात ठेवायचो. छापलेलं डोळ्यांनी वाचायचं, त्यात काय गोडी? पूर्वरंगात अभंगाचं निरूपण व्हायचं, बुक्का लागायचा, आणि उत्तररंगाला आख्यानाच्या जागी बुवा मासिकातल्या गोष्टीतलं यशोधरचं यान उडवायचे. अंगावर काटा यायचा.

शेवंताबाई : देवळात विमानाची गोष्ट सांगतात म्हणून लोकांनी नावं काय कमी ठेवली?

हिलाल : तवय बुवा म्हनेत, नारद काय बैलगाडीमा फिरे? मंग बठ्ठा लोक हासनात.

लखीचंद : हो ना.

हिलाल : अक्का, मी ज्यासाठी उनू ते सांगस. उद्या एकादशी. पुढला अंक उना का?

शेवंताबाई : अजून नाही, हिलालभाऊ.

हिलाल : त्यामा काय लिखेल शे ते माले आजच पाहिजे. मनी बायको भागा ऐकत नही. बुवांनी शेवटलं काय सांगं व्हतं, तुम्हले याद शे ना? यान गिरणावर उनं. खाले धुकं. जमीन दिसत नही. यशोधर काचले तोंड लावीसन देखस आन् म्हनस, कोठे एखादा दिवा दिसस का...

शेवंताबाई : आणि हे खाली बसले.

हिलाल : तवपासून भागा रोज तिन्हीसांजले कंदील लईसन नदीवर जास. दगडवर उभी राहस. थंडी शे, शेवाळ शे. दोन डाव पाय घसरना. मी हात धरीसन आनू तर म्हनस, लोटनले वाट कशी दिसी?

लखीचंद : पलटणीतून लोटनची काही खबर?

हिलाल : ब्रह्मदेशमा बेपत्ता. तार उनी तवपासून भागानी मनमा गाठ मारी. यशोधर ज्या दिन घर येई, त्या दिन मना पोर येई. म्हनीसन सांगस, पुढे काय ते समजनं म्हंजे कंदील तठेच ठेवाना का घर आनाना, ते ठरी.

लखीचंद : अंक येणार नाही, हिलालभाऊ.

हिलाल : उशीर लागी?

लखीचंद : येणारच नाही. मी सकाळपासून पुण्याचं पत्र खिशात घेऊन फिरतोय. बोलायला तोंड होत नाही. दोन वर्षांपूर्वी मी जळगावला दुकान काढलं तेव्हा बुवा म्हणाले होते, वर्गणी आता माझ्या नावावर करू. बुवा गेल्यावर मी पुण्याला पत्र टाकलं, की वर्गणी पुन्हा माझ्या नावावर घ्या. आणि शेवटी दोन ओळी आभाराच्या लिहिल्या. लेखक एवढा मोठा माणूस, त्याने आमची गिरणा गोष्टीत आणली, आमच्या गावाला धन्य केलं. हे त्याचं उत्तर.

शेवंताबाई : वाचा की.

लखीचंद : ‘आपले पत्र पावले. कागदाच्या टंचाईमुळे आमचे मासिक सन बेचाळीसच्या जूनपासून बंद आहे. कथेचे लेखक त्यापूर्वीच निवर्तले. नायक शनीपर्यंत पोचण्याआधीच कथा थांबली. गिरणा नदीचा उल्लेख आपणांस कोठे आढळला, ते कळवावे.’

हिलाल : मंग यशोधर?

लखीचंद : यशोधर शनीवर पोचलाच नाही, भाऊ. आणि आपण त्याला दीड वर्ष परत आणतोय.

शेवंताबाई : थांबा. ट्रंक आणते.

लखीचंद : पानं उलटायचे हो बुवा. मी डोळ्यांनी बघितलंय. चष्मा सारखा करायचे, बोटाला थुंकी लावून पान उलटायचे.

शेवंताबाई : हे बघा. सगळे अंक लावून ठेवलेत. हा बेचाळीसच्या ज्येष्ठाचा. याच्यानंतरचा एकही नाही. कडा बघा याच्या, पार मऊ झाल्यात. हाच एक नेत होते.

लखीचंद : एकोणीस महिने एकच अंक?

शेवंताबाई : मला अंदाज होता. ठाऊक नव्हतं, पण अंदाज होता. शुद्ध दशमीला सकाळची पूजा झाली की देवघराचं दार लावून घ्यायचे. एकदा मी दाराशी कान दिला. आत एकटेच. पण मधेच गप्प व्हायचे, पलीकडून कुणी बोलतंय आणि आपण ऐकावं, तसे. मग ‘बरं’ म्हणायचे. मी विचारलं, तुम्ही रचता का हे? तर म्हणाले, रचणारा मी कोण? बिनतारी यंत्राला येतं ना कुठून कुठून, तसं येतं. जेवढं येतं तेवढं सांगतो.

लखीचंद : एक बोलू का? माझ्या मनात महिनाभर आहे, पण दुकानात कुणाला सांगितलं तर हसतील. मागच्या एकादशीला मी पुढे बसलो होतो. ‘दिवा दिसतो का’ हे बुवांच्या तोंडून आलं, पण गळा त्यांचा नव्हता. बुवांचा आवाज किती भारी. तो कोवळा होता. जवान माणसाचा.

हिलाल : माले वळखू उना तो.

शेवंताबाई : हिलालभाऊ.

हिलाल : झांज थांबनी मनी. तुम्हना ध्यानमा नही उनं?

शेवंताबाई : आलं होतं. मला वाटलं, बुवा पडले म्हणून थांबली.

हिलाल : त्यांना आधी थांबनी.

लखीचंद : वहिनी, या अंकात काही ठेवलंय. खाकी पाकीट आहे.

शेवंताबाई : इंग्रजी टाइप आहे. मला नाही कळायचं. तुम्ही बघा.

लखीचंद : हं.

हिलाल : कसानं शे, शेटजी?

लखीचंद : काही नाही. जुनंच आहे. पलटणीचं पत्र. तेच, बेपत्ता म्हणून.

हिलाल : शेटजी.

लखीचंद : बोला.

हिलाल : बुवाबी असंच बोलनात. याच ओसरीवर. बेचाळीसना आषाढ व्हता. मी कागद दिधा, त्यांनी वाचा, आन् म्हनेत, तेच शे हिलाल, बेपत्ता. कागद माले दे, जपीसन ठेवस. पन त्यांना अंगठा थरथरे. तुम्हना आते थरथरना, तसाच.

शेवंताबाई : म्हणजे तुम्हाला तेव्हाच...

हिलाल : माले अक्षर येत नही अक्का, अंगठा वाचता येस. घर गयू. भागानी इचारं. मी म्हनं, बेपत्ता. बुवांनी एक डाव खोटं सांगं, मी रोज सांगं. मंग एकादशीले बुवा उभा राह्यनात, आन् यशोधर शनीवरथून परत फिरना. भागा हासनी. दोन महिनामा पयल्यांदा. मी झांज धरी आन् गप राह्यनू.

लखीचंद : मला माफ करा, भाऊ.

हिलाल : काय माफ? वाची दाखाडा. एक डाव कानवर पडू द्या.

लखीचंद : नाव आहे लोटन हिलाल. नंबर आहे. एक नदी ओलांडताना, असं लिहिलंय. होडीत जागा नव्हती, तर पोहत निघाला. चार जणांबरोबर. धुकं होतं. पलीकडे कुणी पोचलं नाही.

हिलाल : नदी.

लखीचंद : नदीच.

शेवंताबाई : धुकं यांनी या पत्रातूनच घेतलं असेल. एवढं इंग्रजी येत होतं त्यांना.

लखीचंद : असेल. पण दिव्याचं काही लिहिलेलं नाही इथे.

शेवंताबाई : हिलालभाऊ, पाणी घ्या. घ्या थोडं.

हिलाल : अक्का, आख्यान अर्धं ऱ्हायनं तर काय रीत शे?

शेवंताबाई : नारदाची जागा अर्ध्या आख्यानावर रिकामी ठेवू नये. मागच्या झांजकऱ्याने पुढे यावं, पुरतं करावं, आरती करावी. पण तुमच्यावर कुणी भार टाकणार नाही. मंदिरात मी सांगेन.

हिलाल : मी वाचसू. हा अंक माले द्या.

लखीचंद : हिलालभाऊ, तुम्हाला तर अक्षरओळख नाही.

हिलाल : यामा जे लिखेल नही, ते वाचाले अक्षर कशाले लागस, शेटजी?

लखीचंद : पण वाचणार काय? यशोधर उतरला म्हणाल तर भागाबाई लोटनचं पान वाढून दारात बसेल. मेला म्हणाल तर...

हिलाल : दोन्ही नही सांगाव.

शेवंताबाई : मग?

हिलाल : सांगसू, धुकं फाटनं. यशोधरनी खाले देखं. गिरणा दिसनी, दगड दिसना, दगडवर कंदील दिसना. कंदील धरनारीना हात बी दिसना. त्यानी कपायले हात लावीसन नमस्कार करा. एवढं सांगसू, आन् आरती लावसू.

लखीचंद : त्याने काय होईल?

हिलाल : मंग मी भागाले म्हनसू, त्यानी देखं वं. तुन्हा दिवा त्याले पोचना. आते चाल, घर कंदील लई जाऊ.

शेवंताबाई : ती विचारेल, हिलालभाऊ. यानाचं काय झालं म्हणून.

हिलाल : यान पुढे गयं.

लखीचंद : कुठे?

हिलाल : ते बुवा सांगतीन. त्याबी तठेच गयात ना.